पत्र सोडवायचं आहे

वत्सलाक्कांनी माझा एक रुपया परत केला, तिथून आमची ओळख सुरू झाली.

तंजावरला नोकरी लागली तेव्हा मी सांगलीहून दोन बॅगा आणि आईच्या शंभर सूचना घेऊन आले होते. त्यातली एक अशी की, घराचं पहिलं भाडं देताना वर एक रुपया ठेवायचा, नुसता पूर्ण आकडा हातावर टेकवायचा नाही. म्हणून आठ हजारांच्या नोटांवर एक नाणं ठेवून मी पाकीट पुढे केलं. अक्कांनी नोटा दोनदा मोजल्या, नाणं दोन बोटांनी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मला वाटलं, बाई तत्त्वाची दिसते, जास्तीचं घेत नाही. पण कारण वेगळंच होतं.

"लग्नांत एक ठेवायचा, वाढो म्हणून," त्या म्हणाल्या. "हें भाडें नीट बँकेस जातें. कर्ज कशास वाढवायचें? तेथें शेवटास पूज्यच पाहिजे."

पूज्य म्हणजे शून्य, हे डोक्यात शिरायला मला जरा वेळ लागला. आमच्याकडे हा शब्द बहुधा पणजीबरोबरच गेला असावा. तंजावरात कित्येक पिढ्यांपूर्वी येऊन राहिलेली मराठी घरं आहेत, हे मला ऐकून माहीत होतं. पण दारात उभी असलेली, कपाळाला विभूती लावलेली, तमिळ हेल काढून बोलणारी बाई "यावें, बसावें, काफी घ्यावी" असं म्हणते, तेव्हा एखादी जुनी बखर आपल्याला काफी पाजायला निघाली आहे असंच वाटतं. गंमत म्हणजे त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. मराठी चिठ्ठी लिहायची तर त्या तमिळ अक्षरांत लिहायच्या. मला ती वाचता यायची नाही, आणि माझी त्यांना. एकाच घरात वर-खाली राहून, एकच भाषा बोलून, आम्ही दोघी एकमेकींना चिठ्ठ्या इंग्रजीत लिहायचो.

अक्का तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. उंच, काटक, घट्ट अंबाडा, आणि चालणं असं की रस्ता मोजत चालल्यात. मोजतच असायच्या. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत त्या जमीन मोजणीच्या कामाला होत्या. सकाळी आठ वाजून दहाची बस, हातात काळी छत्री, डब्यात दहीभात आणि लिंबाचं लोणचं. यात वर्षानुवर्षं बदल नव्हता. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. घरापासून बसथांबा चारशे बारा पावलं. एकदा ती चारशे चौदा भरली, तर रस्त्याला दोष न देता त्या संध्याकाळी गुडघा शेकत बसल्या. लग्न का नाही केलंत, असं मी एकदा आगाऊपणे विचारलं होतं. दोनतीन स्थळं मोजून पाहिली, बसलीं नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "तसें लिहिलेलें नाहीं." कचेरीतलं वाक्य ते, पण त्याला कुठेही मज्जाव नव्हता. कंडक्टरने बस पाच मिनिटं आधी सोडली, तर त्याला. देवळातल्या गुरुजींनी संकल्पात तिथी चुकवली, तर त्यांना. डॉक्टरांनी औषध दिवसातून तीनदा सांगितलं आणि कागदावर दोनदा लिहिलं, तर त्यांनाही. मी पहिल्यांदा पिठलं करून खाली नेलं, तेव्हा एक घास खाऊन अक्कांनी मान हलवली आणि हेच म्हणाल्या. आता पिठलं कुठे आणि कोणी लिहून ठेवलंय? मला असा राग आला की पुढचे दोन दिवस मी जिन्यात त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

एकदा एका शनिवारी हौसेनं मी त्यांच्याबरोबर मोजणीला गेले होते. कालव्याकाठचं गाव, पोटऱ्यांपर्यंत भात, आणि बांधावर दोन चुलत भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे. त्यातल्या म्हाताऱ्याने आम्हाला आल्या आल्या शहाळी फोडून दिली. माणूस मोठा लाघवी होता. त्या ताडापर्यंत आपलंच आहे, वडील मरताना सांगून गेले, असं तो तमिळमध्ये तीनतीनदा सांगत होता आणि सांगताना त्याचे डोळे भरून येत होते. मला तर पटलं होतं. अक्कांनी नकाशा उघडला, साखळी धरायला लावली, चिखलात उतरून इकडून तिकडून मोजलं. हद्द ताडाच्या अकरा फूट अलीकडे आली. म्हातारा पुन्हा वडिलांवर आला. अक्का शांतपणे म्हणाल्या, तसं लिहिलेलं नाही. निघताना त्यांनी शहाळ्याचे पैसे त्याच्या हातात ठेवले, आणि बसमध्ये बसल्यावर माझ्या शहाळ्याचे माझ्याकडून घेतले.

अशा बाईचं स्वतःच्या घराचं खरेदीखत मात्र बँकेच्या कपाटात पडलं होतं. दस्ताला त्या 'पत्र' म्हणत, आणि त्यांच्या तोंडी दिवसातून एकदा तरी यायचं, "पत्र सोडवायचें आहे." भाजी महाग झाली की यायचं, दिवाळीची साडी नको म्हणताना यायचं, माझ्या दाराशी ऑनलाइन मागवलेलं खोकं आलेलं दिसलं की माझ्याकडे बघूनही यायचं. मी महिन्याला पाच-सहा खोकी मागवायची. त्यांना प्रत्येक खोक्याची किंमत विचारायची वाईट खोड होती.

ते पत्र इतकं का महत्त्वाचं, हे मला अक्कांकडून कळलं नाही. कळलं अम्मांकडून. अम्मा म्हणजे अक्कांची आई. ऐंशीला टेकलेल्या, लहानखुऱ्या, दुपारभर ओट्यावर पाय सोडून बसणाऱ्या. नवरा लवकर गेला. मग अम्मांनी एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करून लेकीला वाढवलं, आणि पै पै साठवून हे घर घेतलं. नोंदणीच्या कचेरीत कारकुनाने शाईचा ठोकळा पुढे सरकवला. अंगठा उमटवा म्हणाला. अम्मांनी हात मागे घेतला. माझ्या घरावर माझा अंगठा नको, सही करीन, म्हणाल्या. सही येते का? नाही. मग कधी येईल? दसऱ्याला शिकते, म्हणाल्या. विकणारा माणूस भला, तो थांबला. दसऱ्याच्या दिवशी तिकडे लहान मुलांना पहिलं अक्षर गिरवायला बसवतात. त्या मुलांच्या रांगेत तिशीच्या अम्मा तांदळाचं ताट घेऊन बसल्या. दीड महिन्याने त्यांनी त्या दस्तावर सही केली, ती इतक्या जोरात दाबून की कागदाला मागून खड्डे पडले.

आणि त्या थांबल्या नाहीत. सहीपुरती अक्षरं शिकून पुढची सगळी शिकल्या, कारण सही कशावर केली ते वाचायचं होतं. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा सबंध वाचलेली गोष्ट म्हणजे ते पत्र. तेव्हापासून घरात रिवाज पडला. सरस्वतीपूजेला पुस्तकं, हत्यारं मांडतात, त्यात लाल फडक्यात बांधलेलं घराचं पत्र मांडायचं. त्या दिवशी कोणी काही वाचायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, अम्मांनी न्हाऊन पाटावर बसायचं आणि घराच्या चार सीमा मोठ्यानं वाचायच्या. पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक. लहानपणी अक्का ते ऐकत बसायच्या. मोजणीचं वेड त्यांना तिथूनच लागलं असणार, हे आपलं माझं म्हणणं.

मग घर गळायला लागलं, वासे वाळवीनं खाल्ले. अक्कांनी अठरा लाखांचं कर्ज काढलं, घर नव्यानं बांधलं, वर एक मजला चढवला. घर अम्मांच्या नावावर, म्हणून अम्मांना बँकेत जावं लागलं. तिथल्या माणसाने पत्र फडक्यातून काढलं, पाकिटात घातलं आणि शिक्का मारला. परत कधी मिळेल म्हणून अम्मांनी विचारलं. वीस वर्षांनी, आजी, असं तो हसत म्हणाला. अम्मा तेव्हा चौऱ्याहत्तरच्या. त्यांनीही हसून रिकामं फडकं घडी केलं आणि कनवटीला लावलं. "बँकेंतून निघून बशींत बसल्यावर मीं ठरविलें," अक्का मला एकदा म्हणाल्या. काय ठरवलं, ते सांगायची गरज नव्हती.

त्यानंतरच्या प्रत्येक सरस्वतीपूजेला ते लाल फडकं रिकामंच मांडलं जायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा न राहवून म्हटलं, अम्मा, बँकेकडून झेरॉक्स मिळेल की, ती ठेवा. अम्मांनी माझ्या दंडाला चापट मारली. झेरॉक्सला सहीचा खड्डा लागत नाही, म्हणाल्या.

मी राहायला गेले तेव्हा कर्जाला तीन वर्षं झाली होती. पगारातला ठरलेला हप्ता जायचाच, वर माझं भाडं, रजा विकून आलेले पैसे, पोंगलचा बोनस, जे हाती येईल ते. मात्र प्रत्येक भरणा शून्यावर संपणारा. एकदा पगाराची थकबाकी एकरकमी आली, ती सगळीच्या सगळी त्यांनी कर्जात लोटली. पुढच्या महिन्यात खात्यातून नेहमीपेक्षा कमी हप्ता गेला. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. मला झालाच. मी म्हटलं, अक्का, सुटलात, आता महिन्याला दोन हजार वाचले, एक साडी घ्या. अक्कांनी हप्त्याचा आकडा पुन्हा एकदा वाचला आणि साडीचं नावही काढू नकोस अशी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चक्क एका दिवसाची रजा टाकली. मला इंग्रजी अर्ज लिहायला म्हणून बरोबर नेलं. व्यवस्थापक तरुण आणि नम्र होता. मोठी रक्कम भरली की हप्ता कमी होतो, ग्राहकांना तेच आवडतं, असं तो समजावून सांगत होता. अक्कांनी पिशवीतून वही काढली. त्या वहीत वीस वर्षांचे दोनशे चाळीस महिने चौकोन करून आखलेले होते, आणि भरलेल्या रकमेप्रमाणे शेवटाकडून एकेक चौकोन काट मारून उडवलेला होता. हप्ता कमी केल्यामुळे उडवलेले एकवीस चौकोन परत जिवंत झाले होते.

"हप्ता कमी करा म्हणून मीं सांगितलें काय?" त्या म्हणाल्या. "मज दिवस कमी पाहिजेत."

त्याने वरच्या कचेरीला विचारावं लागेल, आठवडा लागेल असं सांगितलं. अक्का बरं म्हणाल्या आणि तिथेच बसल्या. छत्री मांडीवर, डबा बाजूला. एक वाजता दहीभात खाल्ला. मी दोनदा चहा पिऊन आले, कंटाळून जांभया दिल्या, मनातून लाजलेसुद्धा, कारण लोक बघत होते. साडेतीनला त्या मुलाने फोन करून हुकूम मिळवला आणि हप्ता पूर्ववत झाला. घरी येऊन अक्कांनी एकवीस चौकोन पुन्हा लाल शाईनं एकेक करून काटले. काटताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

दुसऱ्या वर्षी अम्मा काफीचा पेला टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला लागल्या. आधी आम्ही हसलो. मग एकदा त्या ओट्याच्या पायरीवरून पडल्या. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालून उरलेली जपायची. अक्षर लागेल आणखी दोन वर्षं, फार तर. अक्कांनी डॉक्टरांना विचारलं की दोन म्हणजे चोवीस महिने धरायचे का. डॉक्टर म्हणाले, असं मोजून सांगता येत नाही. घरी आल्यावर अक्कांनी वही उघडली. असाच भरणा चालू ठेवला तर अजून चार वर्षं निघत होती. त्या रात्री जेवताना त्यांनी अम्मांना काही सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून घराचा पेच आवळला गेला.

काफीची भुकटी निम्म्यावर आली. दुसऱ्या पाण्याची काफी मलाही मिळायला लागली. स्कूटर घ्यायचा विचार होता तो मोडला. कचेरीतल्या कोणाच्या लग्नाला अक्का जायच्या, एकशे एक रुपये ठेवायच्या आणि न जेवता यायच्या, कारण एकशे एक ठेवून जेवणं त्यांना बरं वाटत नसे. मी म्हटलं, हातात दोन सोन्याच्या बांगड्या आहेत, त्या गहाण टाका, स्वस्तात पैसे मिळतील. अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. एक सोडवायला दुसरं अडकवायचं, ही कुठली अक्कल, असं त्यांनी मला विचारलं. पुढच्या आठवड्यात त्यांचे हात मोकळे होते. विकून टाकल्या होत्या. अम्मांनी त्या लेकीच्या लग्नासाठी करून ठेवलेल्या, त्यामुळे मला वाटलं घरात रडारड होईल. अम्मांना दिसलंच नाही. बांगड्या वाजेनाशा झाल्या, त्यावरून कळलं असावं.

डॉक्टरांनी दिलेल्या दोन वर्षांतल्या शेवटच्या उन्हाळ्यानंतर अक्कांनी हिशेब मांडला. सरस्वतीपूजेच्या बरोबर एकतीस दिवस आधी, अमुक एका शुक्रवारी, बाकी राहणार होती एक लाख अडतीस हजार दोनशे चाळीस. रोजचं व्याज धरून त्यांनी मुद्दाम तो दिवस निवडला होता, की शेवटाला पूज्य यावं. कर्ज फिटल्यावर बँक तीस दिवसांत पत्र परत देणार, म्हणजे एक दिवस हाताशी राहत होता. त्यांच्याजवळ होते बेचाळीस हजार दोनशे चाळीस. कमी पडत होते शहाण्णव हजार.

बारा आठे शहाण्णव. मी वर्षाचं भाडं आगाऊ द्यायला तयार होते. तसं म्हटलं, तर अक्कांनी लगेच करारनामा काढला आणि त्यात तसं लिहिलेलं नाही म्हणाल्या. मी भडकले. चार वर्षं तुमच्या घरात राहतेय, तुमची पातळ काफी पितेय, आता मी परकी का, असं बरंच बोलले. त्या करारनामा घेऊन खाली गेल्या. चौथ्या दिवशी मुद्रांकाचा कागद घेऊन वर आल्या. त्यावर नवा करार टाइप केलेला होता: एक वर्षाचं भाडं आगाऊ घेतलं, आणि त्यावर बँकेच्याच दराने, दर महिन्याला घटत जाणाऱ्या रकमेचं व्याज भाडेकरणीला देण्यात येईल. व्याज नको म्हणून मी पुष्कळ सांगितलं. "बँकेस देत होतें, तुज कां नको?" असं त्या म्हणाल्या, आणि तो एवढा सरळ प्रश्न होता की मी सही केली. त्या दिवसापासून त्या मला 'तूं' म्हणायला लागल्या.

शुक्रवारी आम्ही दोघी बँकेत गेलो. धनादेश आदल्या दिवशीच लिहून झालेला, अक्षर छापल्यासारखं. तिथल्या मुलीनं संगणकावर शेवटची बाकी काढली आणि कागद पुढे केला. एक लाख अडतीस हजार दोनशे एक्केचाळीस.

संगणकानं काही पैसे वरच्या रुपयाला नेले होते, एवढंच. मुलगी म्हणाली, मॅडम, एक रुपया तर आहे. अक्का त्या आकड्याकडे बघत उभ्या राहिल्या. सात वर्षं त्यांनी एकही भरणा एकावर संपू दिला नव्हता, आणि शेवटचाच, कर्ज मिटवणारा, एकावर येऊन उभा होता. उद्या केलं तर आकडा बदलेल का, त्यांनी विचारलं. बदलेल, मुलगी म्हणाली, पण उद्या दुसरा शनिवार, मग रविवार, सोमवारी सुटी. म्हणजे मंगळवार. म्हणजे तीस दिवस पूजेच्या पुढे. मागे रांग लागली होती, कोणीतरी घसा खाकरला. मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं की थांबा जरा, या बाईचा जीव त्या एका रुपयात अडकलाय. अक्कांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"मीना," त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशीं तुझा एक रुपया मीं परत दिल्हा होता. आहे काय?"

मी पर्स काउंटरवर उपडी केली. बिलं, पिना, लिपस्टिक, आणि तळाशी दोन नाणी. एक उचलून त्यांच्या हातात दिलं. अक्कांनी धनादेश पुढे सरकवला, त्याच्या शेजारी, पण त्याला न लागेलसं, नाणं ठेवलं. हा रुपया हिचा आहे, माझ्याकडून पूज्यच, असं त्यांनी त्या मुलीला तमिळमध्ये बजावलं. मुलीनं एक रुपयाची वेगळी पावती फाडली. अक्कांनी ती माझ्या नावावर घेतली. आजही माझ्या पाकिटात आहे.

मग वाट पाहणं. दस्त दुसऱ्या शहरातल्या तिजोरीत होता. अक्का ओरत्तनाडूहून रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी बँकेत फोन करायच्या. शेवटी शेवटी ती मुलगी स्वतःच एक वाजता करायला लागली. इकडे अम्मांची नजर झपाट्यानं उतरत होती. खिडकीचा उजेड कळायचा, साडीचा काठ डोळ्याजवळ नेला तर कळायचा. पत्र पूजेच्या आदल्या दिवशी आलं. अक्कांनी दारातच सगळी पानं मोजली, नकाशा पाहिला, मग ते अम्मांच्या मांडीवर ठेवलं. अम्मांनी शेवटचं पान उलटं केलं, पाठीमागून बोट फिरवलं, सहीचे खड्डे सापडले तशा म्हणाल्या की हो, हेंच. आणि ते लाल फडक्यात बांधून टाकलं. दसऱ्यापर्यंत वाचायचं नाही म्हणजे नाही.

दसऱ्याला सकाळी अम्मा न्हाऊन पाटावर बसल्या. अक्कांनी भिंग आणलं होतं, मोठा दिवा आणला होता. अम्मांनी दोन्ही वस्तू बाजूला सारल्या. अक्का जमिनीवर बसल्या, लहानपणी बसत असतील तशा, आणि मी अम्मांच्या मागे भिंतीला टेकून. अम्मांनी पत्र उघडलं, बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एव्हाना मला तमिळ अडखळत वाचता येत होतं. बोट सीमांवर नव्हतं. दोन ओळी वर, मुद्रांक विकणाऱ्याच्या नावावर होतं. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनाही दिसलं होतं. त्यांनी बाजूला सारलेलं भिंग उचललं आणि तसंच परत खाली ठेवलं. आणि मला कळलं की आपल्याला रडू येतंय.

पूर्वेला विहिरीकडे जाणारी वाट. पश्चिमेला गोविंदसामीचा गोठा. उत्तरेला रस्ता. दक्षिणेला पाण्याचा पाट. विहीर कधीच बुजली, गोठ्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, पाटावर सिमेंट पडलंय. अम्मांनी चारही सीमा एका शब्दाची चूक न करता म्हटल्या. तिथे त्यांचं वाचन दरवर्षी संपायचं. पण त्या थांबल्या नाहीत. बोट खाली सरकलं, आणि तमिळ सोडून त्या मराठीत वाचू लागल्या.

"ह्या चार सीमांच्या आंतलें घर," अम्मांनी वाचलं, "माझी लेक वत्सला हिनें सोडवून आणिलें."

अक्कांनी कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कागदाकडे.

"अम्मा," त्या म्हणाल्या, "तसें लिहिलेलें नाहीं."

अम्मांनी बोट उचललं नाही.

"मज दिसतें," त्या म्हणाल्या.